झोल काढताना

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कार सीट बसवायला मला बोलावणं येतं ते बहुधा शनिवारी संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सून बाळाला घेऊन माहेराहून निघणार असते आणि सीट अजून खोक्यातच असते. गाडीची मागची दोन्ही दारं सताड उघडी, बाबा मॅन्युअलची पानं उलटतोय, आजोबा मोबाइलचा टॉर्च धरून उभे. माझ्या मुलांच्या वेळी हे काम मी शिकले, मग शेजारच्या एकदोघांना मदत केली आणि माझा नंबर फिरत राहिला.

काम म्हटलं तर तीन सांध्यांचं आहे. पहिला सांधा गाडी आणि सीट यांचा, दुसरा सीट आणि मूल यांचा, तिसरा मूल आणि घर यांचा. तिन्ही ठिकाणी झोल काढायचा असतो. पहिल्या दोन सांध्यांना अर्धा तास पुरतो. तिसऱ्याचं काही सांगता येत नाही.

जागा मागच्या सीटवरच. समोर एअरबॅग असते आणि पाठमोऱ्या सीटमधल्या बाळाचं डोकं तिच्या अगदी पुढ्यात येतं. ती उघडली तर सगळा दणका सीटच्या पाठीवर आणि पर्यायाने डोक्यावर. म्हणून एअरबॅग चालू असलेल्या जागी पाठमोरी सीट लावायची नाही, हे सगळ्यात आधी सांगते.

मग मी मागच्या सीटच्या फटीत बोटं घालते. बैठक आणि पाठ जिथे मिळतात तिथे, फोमच्या आत, गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन पोलादी कड्या लागतात. हे आयसोफिक्स. दोन्ही कड्यांमधलं अंतर जगभर सारखंच, 28 सेंटिमीटर. कार सीटचे दोन दांडे त्यांत घुसवले की ‘खट्’ असा आवाज येतो आणि दांड्यावरच्या छोट्या खिडकीतला लाल रंग हिरवा होतो. दोन्ही बाजूंचा आवाज ऐकायचा. पुष्कळदा एकीकडे हिरवं झालेलं असतं, दुसरीकडे नाही, आणि सीट तिरकी बसलेली असते. शिवाय दोन टेकू पुरत नाहीत. गाडी थडकली की सीट पुढे कलंडते. ते रोखायला एक तर जमिनीवर टेकणारा पाय असतो, नाही तर मागच्या बाजूने ओढून अडकवायचा पट्टा, टॉप टेदर. हा पट्टा डिकीत सामानाची पिशवी अडकवण्याच्या हुकाला लावलेला मी अनेकदा पाहिलाय. तो हुक भाजीच्या वजनासाठी आहे.

जुन्या गाडीत आयसोफिक्स नसेल तर गाडीच्याच पट्ट्याने सीट बांधायची. इथे खरा घाम निघतो. सीटवर पट्ट्याचे मार्ग रंगाने दाखवलेले असतात : पाठमोरी असेल तर निळा, पुढे तोंड करून असेल तर लाल. पट्टा योग्य मार्गाने ओवायचा, बकल लावायचं, मग एक गुडघा सीटमध्ये रोवून अंगाचा भार टाकायचा आणि पट्टा वर खेचायचा. भार काढला की पट्टा सैल पडतो, कारण गाडीचा पट्टा हिसका बसला तरच अडतो. हळू ओढला तर येतच राहतो. म्हणून सीटला पट्टा पकडणारा चिमटा असेल तर तो भार टाकलेला असतानाच बंद करायचा.

शेवटी तपासणी. बहुतेक बाबा सीटचा वरचा काठ धरून गदागदा हलवतात आणि घाबरतात. वरचा काठ थोडा हलणारच. जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवायचं. इंचापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं सपाट जागी करायचं. आमच्या बेसमेंटच्या उतारावर लावलेल्या गाडीत सीटचा कोन नीट दिसतो आणि रस्त्यावर आल्यावर ती उभी निघते. तान्ह्याची मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडू शकतो, म्हणून कोनाला महत्त्व.

“ताई, पण गाडी फाइव्ह स्टार आहे ना?” हा प्रश्न हमखास येतो. 2023च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे गाड्या आदळून पाहणाऱ्या भारत एनकॅपच्या चाचण्या सुरू झाल्या. त्यांत मुलांच्या सुरक्षेला 49 पैकी गुण मिळतात. पण चाचणीतल्या दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाच्या बाहुल्या कार सीटमध्ये बसवलेल्या असतात. ते तारे मांडीवरच्या बाळासाठी नाहीत.

दुसरा सांधा. पाठमोरं कशाला, हे आधी सांगावं लागतं. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं आणि मान अजून भरलेली नसते. तोंड पुढे असेल तर धड पट्ट्याने अडतं आणि डोकं पुढे झेपावतं. सगळा ताण मानेवर. पाठमोरं असेल तर डोकं, मान आणि पाठ तिघांना सीटची पाठ एकदम झेलते. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी 1960च्या दशकात अशी सीट तयार केली, ती उताणं झोपून उड्डाण करणाऱ्या अंतराळवीरांच्या आसनांवरून. युरोपातल्या आर129 या नियमानुसार निदान पंधरा महिन्यांपर्यंत पाठमोरं बसवावंच लागतं. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत बसवण्याची पद्धत आहे. “पाय दुमडतात हो त्याचे,” असं म्हणतात. दुमडू देत. मुलं मजेत मांडी घालून बसतात.

पाठमोऱ्या सीटमध्ये पट्टा खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवा. बकल लावून पट्टा ओढला की खांद्यापाशी तो चिमटीत धरून पाहायचा. चिमटीत घडी आली तर झोल आहे. बोटं घसरली तर बरोबर. आणि इथेच कुंची आडवी येते. कुंची, त्यावर दुपटं, त्यावर आजीची मऊ गोधडी, आणि या सगळ्यावरून पट्टा. वरून घट्ट दिसतो. मी पट्टा न हलवता बकल उघडते, दुपटं काढते आणि बाळाला पुन्हा बसवून तोच पट्टा लावते. आता पट्टा आणि छाती यांच्यात माझा अख्खा पंजा जातो. धडकेत दुपटं दबतं, आणि तेवढ्या जागेतून बाळ पुढे जातं. म्हणून अंगावर साधं झबलं, पट्टे आवळलेले, आणि हवं तर पांघरूण वरून. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बकल आधी आपल्या मनगटाला लावून पाहायचं.

तिसऱ्या सांध्याशी आजी उभ्या असतात. “अगं, मांडीवर कसं उबेत राहतं ते. मी काय सोडतेय त्याला?” हा प्रश्न मायेचा आहे, पण त्याला उत्तर गणिताचंच आहे. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी आदळून थांबते तेव्हाचा वेग तिसऱ्या मजल्यावरून जमिनीवर पडताना येतो तेवढाच. एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबायचं तर सहा किलोचं बाळ हातांना ऐंशी किलोंहून जड होतं. कुठल्याच आजीला, कुठल्याच पैलवानाला ते धरता येत नाही. स्वतःच्या पट्ट्यात बाळालाही गुंडाळलं तर आपलंच वजन त्याच्यावर येतं.

कायदा आहेच. 1 सप्टेंबर 2019 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ब प्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा बालआसन न लावता नेलं तर हजार रुपये दंड. पण नियम मोडतो तो दंडाच्या भीतीअभावी नव्हे, रडण्यामुळे. साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा यायच्या आत बाळ भोकाड पसरतं आणि कुणीतरी म्हणतं, “दोन मिनिटं घे गं बाहेर.” गाडी तर चालूच असते. म्हणून मी घरच्यांकडून एकच गोष्ट ठरवून घेते : बाळ सीटबाहेर येणार ते गाडी थांबल्यावरच. शिरवळला थांबा, पाजा, ढेकर काढा, पाठ मोकळी होऊ द्या, पुन्हा बांधा. तान्ह्याला तशीही दर थोड्या वेळाने विश्रांती हवीच.

पुढे मूल मोठं झालं की याच सांध्यात नव्याने झोल येतो. पाच-सहा वर्षांचं झालं की सीट माळ्यावर जाते. खरं तर गाडीचा पट्टा मोठ्यांच्या मापाचा. दीड मीटरच्या आसपास उंची होईपर्यंत तो मुलाच्या गळ्याला काचतो आणि पोटावर चढतो. बूस्टरने मूल उंचावतं, पट्टा खांद्याच्या मध्यावर आणि कमरेच्या हाडावर येतो. लग्नाला निघालेल्या गाडीत आठवा माणूस कोंबायचा असतो तेव्हा पहिला निघतो तो हाच बूस्टर.

सीट बसली की बाबा आभार मानून दार लावायला जातो. मी थांबवते. ज्याने मॅन्युअल वाचलं तो सोमवारी ऑफिसला जाणार. डॉक्टरकडे डोस द्यायला बाळाला आजी नेणार, गाडी ड्रायव्हर चालवणार. म्हणून पट्टा लावणं, आवळणं, चिमटीत धरून पाहणं हे आजींकडून करून घेते, न बोलता, बाहुलीवर किंवा बाळावरच. पहिल्यांदा त्या हमखास सैल ठेवतात. “एवढं आवळायचं?” हो, एवढं. दुसऱ्यांदा बोटं घसरतात. ज्या घरात बाबा एकटाच सीट लावू शकतो, तिथलं माझं काम झालेलं नसतं.