विश्लेषण : समुद्रकिनाऱ्यावरचे शेवाळ जीवघेणे कसे ठरते? फ्रान्समधील इलियोंमध्ये काय घडले?

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील इलियों हे सें-ब्रियच्या उपसागराकाठचे छोटे शेतीप्रधान गाव. सप्टेंबर २०१६ मध्ये इथे ग्वेसां नदीच्या मुखाजवळ धावायला गेलेल्या ५० वर्षीय व्यक्तीचा चिखलात मृतदेह सापडला. कुटुंबीय जवळपास नऊ वर्षे न्यायासाठी लढले. २४ जून २०२५ रोजी नांतच्या अपिलीय प्रशासकीय न्यायालयाने या मृत्यूस सरकारला ६० टक्के जबाबदार धरले. कारण ठरले हिरवे शेवाळ.

शेवाळ मारते कसे?

‘उल्वा’ जातीचे हे शेवाळ ताजे असताना निरुपद्रवी असते. भरतीबरोबर किनाऱ्यावर त्याचे ढीग साचतात. वरचा थर उन्हाने वाळून पापुद्र्यासारखा होतो, आत हवा पोहोचत नाही आणि शेवाळ कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पापुद्र्यावर पाय पडला की कोंडलेला वायू एकदम बाहेर येतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो. पण प्रमाण वाढले की हा वायू वास घेण्याची क्षमताच बधिर करतो, म्हणजे धोका सर्वाधिक असतो तेव्हाच वास येत नाही. आपल्याकडे गटारे आणि सेप्टिक टँकमध्ये उतरणाऱ्या सफाई कामगारांचे जीव घेणारा वायूही हाच.

आधी इशारे मिळाले नव्हते का?

मिळाले होते. २००९ मध्ये याच किनारपट्टीवरील सें-मिशेल-आं-ग्रेव येथे एक घोडा जागीच मेला आणि घोडेस्वार बेशुद्ध पडला. २०११ मध्ये तर ग्वेसांच्या मुखाशीच ३६ रानडुकरे मेलेली आढळली. पाच वर्षांनी माणूस गेला, तोही तिथेच.

शेवाळ एवढे का वाढते?

उत्तर समुद्रात नाही, शेतात आहे. फ्रान्समधील निम्म्याहून अधिक डुकरे एकट्या ब्रिटनीत पाळली जातात. १९६० च्या दशकापासून इथे शेती वेगाने बदलली. बांधांवरची झुडपे काढून शेते मोठी करण्यात आली, पशुपालन वाढले. डुकरांच्या मलमूत्राचे पातळ खत आणि रासायनिक खते यांतील जादा नायट्रेट पावसाबरोबर नदीत, तिथून उपसागरात जाते. उथळ पाणी, वसंतातला भरपूर सूर्यप्रकाश आणि तळच्या गाळात फॉस्फरस आधीच मुबलक. कमी असतो तो नायट्रोजन, आणि तो नदी पुरवते. म्हणूनच शास्त्रज्ञ नायट्रेट घटवण्यावर भर देतात.

निकाल काय सांगतो?

२०२२ मध्ये रेनच्या न्यायालयाने कुटुंबीयांची मागणी फेटाळली होती. शवविच्छेदन उशिरा, दफन केलेला मृतदेह पुन्हा उकरून झाले आणि त्यातून ठोस निष्कर्ष निघाला नाही. अपिलात मात्र न्यायालयाने विषारी वायूमुळेच मृत्यू झाल्याचे मान्य केले. पाणीप्रदूषण रोखण्यासाठीचे युरोपीय व राष्ट्रीय नियम सरकारने नीट राबवले नाहीत, असा ठपका ठेवला. धोक्याच्या जागी धावण्याची जोखीम घेतल्याने उरलेली ४० टक्के जबाबदारी मृताची मानली.

मग उपाय?

२०१० पासून सरकारी योजना सुरू आहेत. १९९० च्या दशकाच्या तुलनेत नद्यांतील नायट्रेट बरेच घटले, पण अलीकडे ही घट मंदावली आहे. २०२१ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थेनेही या योजनांची उद्दिष्टे मोघम असल्याचे ताशेरे ओढले. पशुपालन आणि त्यावरील प्रक्रिया उद्योगांवर हजारो रोजगार अवलंबून असल्याने कठोर नियमांना स्थानिक विरोध होतो. तोवर उन्हाळ्यात यंत्रे लावून वाळूवरचे शेवाळ उचलले जाते. नदीमुखाच्या चिखलात मात्र यंत्रे रुततात. तिथे प्रशासन फलक लावून वाट बंद करते.