भिंतीवर नाव नसलेल्यांचे चर्च

बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या चिखलीला अजून रेल्वे नाही. मुंबईला जायचे तर आधी मलकापूर नाहीतर जालना गाठावे लागते. एवढी दगदग करून गेलेला आपल्याकडचा माणूस गेटवे पाहतो, समुद्र पाहतो आणि परततो. त्याने तिथून आणखी थोडे पुढे, कुलाब्यात नेव्हीनगरच्या वाटेला जावे. झाडांच्या वर सुमारे ६० मीटर उंचीचा दगडी मनोरा दिसतो. तेच अफगाण चर्च.

कागदोपत्री नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पायाभरणी १८४७ची, प्रार्थना सुरू झाली १८५८ मध्ये आणि मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडले. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना हा मनोरा खुणेचा होता. आत रंगीत काचांतून उतरणारा उजेड फार सुंदर आहे. पण माझी नजर खिळली ती लाकडी बाकांवर. त्यांना बंदुका टेकवायला खाचा आहेत. १८५७ नंतर गोरा शिपाई देवापुढेही बंदुकीशिवाय बसत नव्हता.

पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांचे हे स्मारक. जानेवारी १८४२ मध्ये इंग्रजी फौजेने काबूलहून माघार घेतली तेव्हा सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार नोकरचाकर, बायकापोरे निघाली होती; त्यांतली बहुतेक बर्फात आणि गोळ्यांखाली संपली. त्या फौजेत गोऱ्यांपेक्षा हिंदी शिपायांचीच संख्या मोठी होती. मुंबईच्या पलटणीही सिंध, गझनी, कलातपर्यंत लढल्या. त्यांत कोकणातली आणि देशावरची पोरे होती. १८४० साली बलुचिस्तानातला काहानचा किल्ला महिनोन्महिने लढवला तो मुंबईच्या पाचव्या पलटणीने. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतली ‘काली पांचवी’ ती हीच.

चर्चमधला स्मृतिलेख सांगतो की अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर कोरली आहेत. साधे सैनिक इतके होते की त्यांची नावे लिहिणे शक्य नव्हते. हा लेख वाचून मला राग आला आणि गलबलूनही आले. पुलवामाच्या हल्ल्यात २०१९ साली आपल्या जिल्ह्याचे दोन जवान गेले, तेव्हा त्यांची नावे गावोगावच्या फलकांवर लागली होती. काबूल-कलातच्या वाटेवर पडलेल्या शिपायाच्या आईला मुलगा कुठे गेला एवढे तरी कुणी कळवले असेल का?

पुढच्या खेपेला मुंबईला गेलात तर मुलांना घेऊन या चर्चमध्ये जा. कोरलेली नावे वाचून झाली की मोकळ्या भिंतीपुढेही थोडे थांबा.