पैनगंगेच्या दोन्ही काठांचे निर्वासित

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा. आज ती ओलांडली की वाशीम नाहीतर यवतमाळ जिल्हा लागतो, आणि एसटीत बसलेल्याला त्याचं काही वाटत नाही. १९४७-४८ साली मात्र ही नदी सरहद्द होती. अलीकडे हैदराबादच्या निजामाचं राज्य, वऱ्हाडी माणसाच्या तोंडी ‘मोगलाई’. पलीकडे मध्यप्रांत-वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान. हिंगोली, कळमनुरी, वसमत हे तालुके तेव्हा परभणी जिल्ह्यात होते.

निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा जाच वाढला तशी इकडची हिंदू कुटुंबं गाड्या जुंपून वाशीम, पुसद, उमरखेडकडे निघाली. ज्याचे पाहुणे पलीकडे होते, तो त्यांच्या पडवीत राहिला; बाकीच्यांना मिळेल तो आडोसा. उमरखेडला निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सशस्त्र कॅम्पही होता. हा भाग आपल्याला पाठ आहे: लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, वापटीचे हुतात्मा बहिर्जी शिंदे, दर १७ सप्टेंबरचं झेंडावंदन. पण त्याच काळात माणसं उलट दिशेनंही येत होती. वऱ्हाड-मध्यप्रांतातली भेदरलेली मुसलमान कुटुंबं आसऱ्यासाठी निजामाच्या हद्दीत शिरत होती. आपण आपल्या बाजूचे तेवढे लक्षात ठेवले.

जगानं तेव्हा काय केलं? २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १६ ला परिषद पॅरिसमध्ये बसली, १७ ला निजाम शरण आला आणि आठवड्याभरात त्यानं तारेनं तक्रार मागे घेतली. परिषदेतला वाद मुख्यतः हैदराबादला तक्रारीचा अधिकार आहे की नाही, यावर झाला. गाव सोडून नदीपल्याड बसलेला माणूस त्या वादात कुठे असणार?

भारतीय फौजांच्या या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, सूड सुरू झाला आणि यावेळी पळायची पाळी संस्थानातल्या मुसलमानांवर आली. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ असे तीन आठवडे संस्थानात हिंडले. हे तिघं गावोगाव लोकांच्या जबान्या ऐकत होते, तेव्हाच, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. छळातून सुटण्यासाठी दुसऱ्या देशात आसरा मागण्याचा हक्क त्याच्या चौदाव्या कलमात आहे. भारतानं बाजूनं मत दिलं. सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत हिंगोलीला लागून असलेलं नांदेड होतं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याची नोंदही त्याच अहवालात आहे. अहवाल मात्र साठहून अधिक वर्षं बंद राहिला.

पुढे १९५१ चा निर्वासित करार आला. त्यात निर्वासित कोण, तर आपल्या देशाबाहेर असलेला. हैदराबाद विलीन झाल्यावर आपली उठलेली माणसं तर एकाच देशात! आणि भारतानं त्या करारावर आजतागायत सही केलेली नाही. देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी मार्गदर्शक तत्त्वं तयार केली ती थेट १९९८ साली, तीही बंधनकारक नसलेली.

मधल्या काळात इथं आणखी एकदा माणसं उठली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. परभणी, नांदेडला मोठी झळ बसली, कुटुंबांनी गावं सोडली. २००१ मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला, तेव्हा भारत सरकारनं तो तिथं नको अशी भूमिका घेतली. हक्क जगाचे आणि जखम घरची, हा हिशेब आपल्याला फार सोयीचा पडतो.

तेव्हा ज्यांनी नदी ओलांडली, ती त्या वेळची पोरं आज ऐंशीच्या पुढे आहेत. घरात असं कुणी असेल, हिंदू असो वा मुसलमान, तर त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या: गाव कोणतं सोडलं, आसरा कुणी दिला, परत कधी आले, आणि परत आल्यावर घर-शेत ताब्यात मिळालं का.