पाठसंपादन प्रकल्पातील फाइलींचे नामकरण

पाठचिकित्सेत पोथ्यांना संकेताक्षरे देण्याची पद्धत सुप्रतिष्ठित आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत शारदा, देवनागरी, ग्रंथ, मलयाळम इत्यादी लिपींच्या निदर्शक अक्षरांना अनुक्रमांक जोडून पोथ्यांचा निर्देश केला आहे. त्यामुळे कोणता पाठभेद कोणत्या पोथीतील, याविषयी संदेह राहत नाही. अनेक अभ्यासक संगणकावर एकत्र संपादन करतात, तेव्हा हेच कार्य फाइलीच्या नावाला करावे लागते.

यातील पहिली अडचण लेखनभेदाची आहे. ‘विवेकसिंधु’, ‘विवेकसिंधू’ आणि ‘विवेकसिन्धु’ हा वाचकाच्या दृष्टीने एकच ग्रंथ. संगणकाच्या दृष्टीने मात्र ही तीन भिन्न नावे होत. म्हणून ग्रंथनामाऐवजी ‘विवे’ असा निश्चित संकेत ठरवून त्याची यादी सर्वांच्या हाती असणे इष्ट होय.

दुसरी अडचण क्रमाची. अक्षरक्रमाने मांडणी करणारा संगणक १ नंतर १० आणि त्यानंतर २ घेतो. परिणामी पोथीची पत्रे विस्कळीत होतात. ००१, ००२, ०१० असे समान अंकसंख्येचे क्रमांक दिल्यास हा दोष टळतो. मात्र देवनागरी व रोमन अंकांची सरमिसळ होऊ नये. दिनांकातही वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठेवावा. १९८८ च्या ‘आयएसओ ८६०१’ या आंतरराष्ट्रीय मानकाने तोच स्वीकारला आहे. दिनांकात तिरकी रेघ वापरता येत नाही, कारण विंडोज प्रणालीत फाइलीच्या नावात ती निषिद्ध आहे.

या नियमांनुसार ‘विवे_पो०३_०१२ब_२०२४०४१२_आ०२’ या नावातून ग्रंथ, तिसरी पोथी, बाराव्या पत्राची मागील बाजू, दिनांक आणि दुसरी आवृत्ती यांचा बोध होतो. ‘अंतिम’, ‘नवीन’, ‘दुरुस्त’ ही विशेषणे मात्र वर्ज्य मानावीत. ‘अंतिम’ फाइलीनंतरही दुरुस्ती होते, आणि मग दोन ‘अंतिम’ फाइलींपैकी प्रमाण कोणती, हे ठरविता येत नाही. अशा वेळी एका पोथीचा पाठ दुसरीच्या नावावर नोंदला जाण्याचा धोका संभवतो. असा प्रमाद एकदा पाठभेदांच्या तळटीपांत शिरला, की पुढील अभ्यासक तो पोथीचाच पाठ समजून त्यावर अनुमाने उभारतात.

अर्थात, नावाने सर्व माहितीचा भार वाहावा, ही अपेक्षा चुकीची ठरेल. पोथीचा लेखनकाल, लेखनिक, प्राप्तिस्थान हा तपशील स्वतंत्र नोंदपत्रात असावा. नावाचे काम एवढेच, की त्या नोंदीपर्यंत कोणत्याही सहकाऱ्याला निःसंदिग्धपणे पोचता यावे.