चाळीस मिनिटांचा तास

शाळा संपलेली, कॉलेज अजून सुरू व्हायचं आहे, अशा ब्रिटिश मुलामुलींना परदेशातल्या शाळांत शिकवायला पाठवण्यासाठी १९८५ मध्ये एक संस्था निघाली. आज ती ‘रेस्टलेस डेव्हलपमेंट’ या नावानं ओळखली जाते. पुढे आफ्रिकेतल्या गावांत एड्सनं घरंच्या घरं रिकामी केली, तेव्हा या स्वयंसेवकांच्या कामात एचआयव्ही प्रतिबंध आला. पाहुण्या विद्यार्थ्याच्या जोडीला त्याच देशातला तरुण देण्याची पद्धत पडली आणि हळूहळू स्थानिक तरुणच पुढे झाले. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. कंडोम कुठे मिळतो, तो मागताना दुकानदार काय म्हणतो, गावातला कोणता पुरुष कोणत्या मुलीची फी भरतो, हे थोड्या काळासाठी आलेल्या पाहुण्याला कसं कळणार?

पण स्थानिक तरुणांनी शिकवलं म्हणून संसर्ग थांबतो का? झिंबाब्वेच्या आग्नेय भागातल्या ३० वस्त्यांमध्ये २००३ ते २००७ या काळात याचीच कसून परीक्षा झाली. प्रयोगाचं नाव ‘रेगाई झिवे शिरी’. शाळा संपवून पुढच्या शिक्षणाची वाट पाहणाऱ्या तरुणांना निवडून, प्रशिक्षण देऊन, कित्येक महिने त्या वस्त्यांतच राहायला पाठवलं होतं. मुलांचं ज्ञान वाढलं, स्त्री-पुरुष संबंधांबद्दलची मतंही काहीशी बदलली. शेवटी १८ ते २२ वयाच्या ४,६८४ जणांची पाहणी केली, तेव्हा एचआयव्हीच्या प्रमाणात मात्र फरक आढळला नाही. त्या वर्षांत देशाची अर्थव्यवस्था कोसळत होती आणि तरुण गावं सोडून इतकं स्थलांतर करत होते, की सुरुवातीच्या मुलांचा माग ठेवण्याचा मूळ बेतच संशोधकांना सोडावा लागला. टांझानियातल्या म्वांझा भागातला असाच एक मोठा प्रयोगही याच ठिकाणी येऊन थांबला: मुलांना उत्तरं आली, संसर्ग घटला नाही.

इथे निराश होऊन थांबण्यापूर्वी पश्चिम केनियाकडे पाहायला हवं. अर्थशास्त्रज्ञ पास्कलीन ड्युपा यांनी तिथल्या ३२८ प्राथमिक शाळांचा अभ्यास केला. सरकारी अभ्यासक्रमाचा भर लग्नापर्यंत संयम पाळण्यावर होता. शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण देऊनही किशोरवयीन मातृत्व कमी झालं नाही. मग ७१ शाळांत आठवीच्या वर्गावर बाहेरून एक प्रशिक्षित कार्यकर्ता आला. त्यानं फक्त चाळीस मिनिटं घेतली. त्यात वयस्क पुरुषाच्या, म्हणजे ‘शुगर डॅडी’च्या, जाळ्यात सापडणाऱ्या मुलीची छोटी चित्रफीत होती आणि जवळच्या किसुमू शहरातली आकडेवारी होती: कोणत्या वयाच्या किती पुरुषांना आणि स्त्रियांना एचआयव्ही आहे. वर्गातल्या मुलांच्या वयाच्या मुलग्यांमध्ये प्रमाण अगदी कमी, पंचविशी-तिशीच्या पुरुषांमध्ये कितीतरी पट जास्त. भेटवस्तू देणारा, फी भरणारा, भरवशाचा वाटणारा पुरुषच अधिक धोक्याचा आहे, हे त्या आकड्यांनी मुलींना थेट दाखवलं.

पुढच्या वर्षभरात त्या शाळांतल्या मुलींमध्ये बाळंतपणाचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. वयानं बऱ्याच मोठ्या पुरुषांपासून राहिलेले गर्भ तर ६१ टक्क्यांनी कमी झाले. या अभ्यासात एचआयव्ही मोजलेला नव्हता. असुरक्षित संबंधांची खूण म्हणून गर्भधारणा पाहिली होती. तरी धडा ठसठशीत आहे. ‘नको’ एवढंच सांगितलं, तर मुलं ऐकून सोडून देतात. कोणापासून किती धोका आहे हे कळलं, तर ती स्वतः निवड करतात. आणि हे सांगायला वर्गाबाहेरचा माणूस सोयीचा असतो. जे बोलताना गावातल्या गुरुजींची जीभ अडखळते, ते तो बोलू शकतो. स्वयंसेवक विद्यार्थ्याचं खरं बळ मला इथे दिसतं.

पण शुगर डॅडी फी भरतो, हा प्रश्न कोणताही तास सोडवत नाही. मलावीतल्या झोंबा जिल्ह्यात काही मुलींना दरमहा १ ते ५ डॉलर आणि त्यांच्या पालकांना ४ ते १० डॉलर देण्यात आले. काहींना शाळेत हजर राहण्याच्या अटीवर, काहींना विनाअट. दीड वर्षानं, सुरुवातीला शाळेत असलेल्या मुलींमध्ये एचआयव्हीचं प्रमाण पैसे न मिळालेल्या गटात ३ टक्के निघालं, तर पैसे मिळालेल्या गटात १.२ टक्के. अट होती की नव्हती, यानं त्यात विशेष फरक पडला नाही.