‘सतनामी’ आणि ‘दलित’ : स्वनामाचा अधिकार

समूहवाचक शब्दावर मालकी कोणाची, या प्रश्नात वस्तुतः दोन अधिकार गुंतलेले असतात. शब्दाची व्याप्ती ठरविण्याचा अधिकार हा पहिला. इतरांनीही तो शब्द मान्य करून उच्चारावा, असा आग्रह धरण्याचा अधिकार हा दुसरा. मराठीतील ‘दलित’ आणि छत्तीसगढमधील ‘सतनामी’ या संज्ञांच्या तुलनेतून हा भेद स्पष्ट होतो.

‘दलित’ या संज्ञेविषयीचा मराठीतील वाद मुख्यतः व्याप्तीचा आहे. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने अनुसूचित जाती-जमाती व बौद्धांबरोबरच कामगार, भूमिहीन शेतमजूर आणि स्त्रिया यांनाही या संज्ञेत सामावून घेतले. राजा ढाले यांनी मात्र आंबेडकरी-बौद्ध अधिष्ठानाचा आग्रह धरला. १९७४ मध्ये संघटना दुभंगली, त्यामागे हा मतभेदही होता. पुढे २०१८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निर्देशानंतर, केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ ही संज्ञा वापरण्याची सूचना केली, तेव्हा वादात शासनसंस्थाही उतरली.

‘सतनामी’चा प्रश्न निराळा आहे. औरंगजेबाविरुद्ध १६७२ मध्ये उठाव करणारे नारनौलचे सतनामी आणि अवधमधील जगजीवनदासांचे अनुयायी यांनीही हेच नाव धारण केले होते. त्या अर्थी हा शब्द कोणा एकाचा नव्हे. तथापि गिरौदपुरीच्या घासीदासांच्या छत्तीसगढी अनुयायांसाठी तो चर्मव्यवसायाशी जोडलेल्या जुन्या जातिनामाचा त्याग होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सतनामी महासभेने या नावासाठी प्रयत्न केले आणि १९२६ मध्ये मध्यप्रांत सरकारने ते मान्य केले. आज मात्र राज्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत ‘सतनामी’ आणि ते त्यागलेले नाव एकाच नोंदीत येतात.

शासनाची मान्यता म्हणजे शेजाऱ्याची मान्यता नव्हे, हे भिलाईत दिसते. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या तेथील पोलाद कारखान्यात सतनामी व इतर जातींचे लोक एकत्र काम करू लागले. जोनाथन पॅरी यांच्या भिलाईविषयक अभ्यासानुसार कारखान्यात जातीय अंतर बरेच विरले; परिसरातील वस्त्यांमध्ये मात्र सतनामी व इतर हिंदू यांच्यातील दुरावा टिकून राहिला. नाव कागदावर बदलले, तरी सहभोजनाची पंगत त्याच वेगाने बदलली नाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाची जबाबदारी येथे सुरू होते. घासीदासांचा महिमा गाणारी, आणि दुर्ग परिसरातील देवदास बंजारे यांच्या नृत्यपथकाने परदेशात पोहोचविलेली पंथी गीते ‘दलित साहित्य’ या शीर्षकाखाली सहज घेतली जातात. पँथरच्या व्यापक व्याख्येनुसार हे असंगत नाही. परंतु ‘दलित’ ही संज्ञा झालेल्या अन्यायाचे स्मरण देते, तर ‘सतनामी’ ही संज्ञा स्वीकारलेल्या श्रद्धेचे. पहिलीने दुसरीची जागा घेतल्यास, जातिव्यवस्थेकडून मोठ्या प्रयत्नाने सोडवून घेतलेला नामकरणाचा अधिकार समीक्षा नकळत स्वतःकडे घेते. म्हणून ‘दलित’ ही तुलनेसाठी योजिलेली, समीक्षकाची संज्ञा आहे असे स्पष्ट नमूद करावे आणि गीतांचा परिचय त्यांच्या धारकांनी निवडलेल्या नावानेच द्यावा, हे उचित होय.