घडीची होडी, हवेची होडी

१९०५ साली म्युनिकचा आल्फ्रेड हॉयरिश हा स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी बाड ट्योल्झ गावापासून म्युनिकपर्यंत इझार नदीतून वल्हवत गेला. त्याची होडी बांबूच्या काठ्या आणि शिडाचे कापड यांची होती आणि काम झाले की सुटी करून बांधून ठेवता येत होती. दोनच वर्षांनी रोझेनहाइमचे शिंपी योहान्नेस क्लेपर यांनी तिच्या उत्पादनाचे हक्क घेतले. सुताराच्या हातची होडी अशी शिंप्याच्या दुकानात आली आणि तिथून आगगाडीच्या डब्यात चढली.

या घडीच्या होडीला कमी लेखण्याचे कारण नाही. ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण १९३२ मध्ये उल्म शहरातून डॅन्यूब नदीत उतरला आणि भारताच्या किनाऱ्यावरून पुढे जात १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला, तो घडीच्या कयाकनेच. १९५६ मध्ये डॉ. हान्नेस लिंडेमान यांनी क्लेपरच्या जेमतेम सव्वापाच मीटर लांबीच्या कयाकमधून एकट्याने अटलांटिक पार केला. त्या प्रवासाला ७२ दिवस लागले.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला अटलांटिक गाठायचा नसतो. त्याला रविवारी पहाटे निघून एखाद्या जलाशयात दोन तास वल्हवायचे असते आणि संध्याकाळी होडी पलंगाखाली सरकवायची असते. नेमकी हीच अडचण सॅन फ्रान्सिस्कोचे वास्तुविशारद अँटन विलिस यांना आली. छोट्या घरात राहायला गेल्यावर कयाक ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा ओरिगामीच्या घड्यांवरून त्यांनी ‘ओरू’ कयाक घडवली आणि २०१२ मध्ये ती बाजारात आणण्यासाठी लोकांकडून निधी उभा केला.

आज बाजारात मुख्यतः तीन घराणी दिसतात. पहिले क्लेपरचे: लाकडी किंवा अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले जाड आवरण. पाण्यात ही सर्वांत डौलदार चालते. पण दोन माणसांच्या क्लेपरचे वजन तीस किलोच्या पुढे जाते, आणि सांगाडा जुळवायला सराव लागतो. दुसरे ओरूचे: पन्हळी पॉलिप्रॉपिलीनचा एकच पत्रा, ठरलेल्या घड्यांवर दुमडलेला. तिचे ‘लेक’ हे मॉडेल आठ किलोच्या आसपास भरते, म्हणजे एका खांद्यावर नेता येते. मात्र तिच्या भिंतीत हवा नसते. उलटली तर पाणी भरते, म्हणून पुढच्या-मागच्या टोकांत हवेच्या पिशव्या बसवून घेणे आवश्यक.

तिसरे घराणे हवेचे, आणि बहुतेकांची पहिली होडी याच घराण्यातली असते. दिसायला सारख्या असणाऱ्या या होड्यांमध्ये खरा फरक दाबाचा आहे. इंटेक्सच्या ‘एक्सप्लोरर के-२’ सारख्या स्वस्त विनाइलच्या होडीत एक पीएसआयच्या (म्हणजे दर चौरस इंचाला एक पौंड दाबाच्या) आसपास हवा भरतात. तेवढ्या दाबाला तळ मऊ राहतो, बसणाऱ्याच्या वजनाने मधे वाकतो आणि वल्हवण्याची बरीच ताकद त्या वाकण्यातच जिरते. ‘ड्रॉप-स्टिच’ तळात वरचा आणि खालचा पापुद्रा हजारो धाग्यांनी एकमेकांना जोडलेला असतो, गोधडीला टाके घालावेत तसा. त्यामुळे आठ-दहा पीएसआय हवा भरली तरी तळ फुगून गोल होत नाही, फळीसारखा सपाट आणि ताठ राहतो. दोन्हींच्या मधला मार्ग अॅडव्हान्स्ड एलिमेंट्सने काढला: होडी हवेची, पण पुढच्या-मागच्या टोकांना अॅल्युमिनियमच्या कमानी, म्हणजे पाणी कापायला धारदार नाक मिळते. बजेट बसत असेल तर निदान तळ तरी ड्रॉप-स्टिचचा घ्यावा. त्या पैशाचा फरक पहिल्याच फेरीत खांद्यांना कळतो.

दाबाचा हिशेब काठावरही चालू असतो. सकाळी २५ अंशांना हवा भरलेली होडी उन्हात पडून आतली हवा ५० अंशांवर गेली आणि कप्पा ताणला गेला नाही असे धरले, तर दहा पीएसआयचे साधारण बारा होतात. एक पीएसआयच्या होडीत मात्र दाब सव्वादोनच्या पुढे, म्हणजे दुपटीहून अधिक होतो. शिवण उसवते ती अशी, पाण्यात नव्हे तर चहा पिताना काठावर. म्हणून जेवायला थांबताना होडी सावलीत ओढावी, सावली नसेल तर थोडी हवा सोडावी. उलट, गार पाण्यात उतरल्यावर होडी मऊ पडते. पाच मिनिटांनी हात लावून पाहावे आणि गरज असेल तर पंप मारावा. त्यासाठी पंपाला दाबमापक हवाच. अंगठ्याने दाबून दहा पीएसआय ओळखता येत नाहीत.

तलावातला खरा परीक्षक वारा. हवेची होडी पाण्यावर उंच तरंगते, म्हणून तिला वारा जास्त लागतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. आपल्याकडच्या धरणांत सकाळचे आरशासारखे पाणी दुपारपर्यंत खवळलेले दिसते. तळाखालचे सुटे पाते होडीला सरळ ठेवते. पवना किंवा मुळशीसारख्या पसरट जलाशयात ते नसेल तर होडी प्रत्येक फटक्याला नाक फिरवत राहते. निघताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो.

लांबीचाही विचार करावा. दहा फुटांची होडी वळायला सोपी आणि पिशवीला हलकी. तेरा-चौदा फुटांची सरळ आणि वेगाने जाते, पण एकट्या माणसाला वाऱ्यात आवरायला जड. कागदावरची वजनक्षमता पूर्ण वापरू नये. १८० किलो लिहिलेल्या होडीत दोन धडधाकट माणसे, पाणी आणि डबा एवढे झाले की ती खोल बसते आणि संथ होते. दोन-तृतीयांश वजन ही सुखाची मर्यादा. विमानाने नेणार असाल तर पंप, वल्हे आणि लाइफ जॅकेटसह पिशवी तोलून पाहावी. देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीच्या तिकिटावर बहुधा १५ किलोच सामान नेता येते.

काठ हा हवेच्या होडीचा दुसरा शत्रू. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उजनीसारख्या जलाशयाच्या कडेला बाभळीचे काटे आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे उघडे पडतात. होडी ओढत नेऊ नये, उचलून गुडघाभर पाण्यात ठेवावी आणि मग बसावे. कप्पे किमान तीन असावेत, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. ठिगळ आणि गोंद पिशवीतच असावा. लाइफ जॅकेट पोहणाऱ्यानेही घालावे. पन्नास न्यूटनचे जॅकेट काठाजवळच्या पोहणाऱ्यासाठी असते, आणि बेशुद्ध माणसाला उताणे करण्याची हमी ते देत नाही.

घरी आल्यावर वाळवणे हे अर्धे काम. कापडी आवरण आणि आत वेगळे फुगे असलेल्या होडीत शिवणींत पाणी राहते आणि पावसाळी हवेत दोन दिवसांत बुरशीचा वास येतो. ड्रॉप-स्टिचचा गुळगुळीत पृष्ठभाग पंच्याने पुसून होतो. बाल्कनी लहान असेल तर हा मुद्दा वेगापेक्षा मोठा. ओली होडी पाहुणेही घेऊन फिरते: युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवरात २०१६ मध्ये उपद्रवी क्वागा शिंपले सापडल्यापासून तिथे एका तलावातून दुसऱ्यात जाताना होडी धुऊन सुकवण्याचा आग्रह धरला जातो. आपल्याकडे जलपर्णीचा एखादा तुकडा तेवढेच नुकसान करू शकतो.

एकट्याने, जिने चढून, लोकलने जाणाऱ्याने ओरूच्या वर्गातली हलकी घडीची होडी पाहावी. मुलांसोबत उथळ पाण्यात रमणाऱ्या कुटुंबाला ड्रॉप-स्टिच तळाची हवेची होडी सोयीची. दिवसभर दूरवर वल्हवणाऱ्याने सांगाड्याच्या होडीसाठी पैसे साठवावेत. आणि पैसे मोजण्याआधी ज्या जलाशयात उतरायचे तिथली चौकशी करावी. अनेक धरणांत जलसंपदा किंवा वन विभागाची परवानगी लागते आणि पवईसारख्या तलावात मगरी आहेत. ही माहिती दुकानापेक्षा तिथल्या कोळ्यांकडे अधिक खात्रीची मिळते.